महोत्सव 'रद्द झाला' म्हणजे काय? कुणी केला आणि भरपाई कुणी दिली?

एखादा मोठा संगीत महोत्सव रद्द झाला की त्याची बातमी चार ओळींत संपते. 'अपरिहार्य कारणास्तव', 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न लक्षात घेऊन', 'प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी' असे ठरलेले शब्द येतात आणि शेवटी 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढे एक वाक्य. वाचणारा पान उलटतो. आम्हाला मात्र हे पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते.

मुळात 'रद्द झाला' हे क्रियापदच फसवे आहे. पाऊस पडतो, उजाडते, अंधारते तसा कार्यक्रम आपोआप रद्द होत नाही. तो कुणीतरी रद्द करतो. कुठल्यातरी कार्यालयात, न्यायालयात, नगर परिषदेच्या सभागृहात किंवा गुंतवणूकदाराच्या बैठकीत तो निर्णय होतो. त्या खोलीत गाणारा नसतो आणि ऐकणारा तर नसतोच. म्हणून मोठ्या महोत्सवांचा इतिहास वाचताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. निर्णय कुणी घेतला? चूक कुणाची होती? आणि किंमत कुणी मोजली? या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा तीन वेगवेगळी माणसे असतात. आमचे म्हणणे एवढेच आहे आणि ते इतिहासातून सिद्ध करता येते.

हा इतिहास बराचसा अमेरिकेचा आणि इंग्लंडचा आहे. तरीही तो आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाची चौकशी केली होती. तेव्हा त्या लोकांच्या संगीताचे आणि त्यांच्या गर्दीचे काय झाले, हे समजून घेणे आपल्या अभ्यासाचाच भाग आहे.

न्यूपोर्ट १९६० : दंगल एकाची, शिक्षा दुसऱ्याला

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. गर्भश्रीमंतांच्या उन्हाळी हवेल्यांसाठी ते प्रसिद्ध. १९५४ साली तिथे एलेन आणि लुई लॉरिलार्ड या धनिक दांपत्याच्या पाठबळावर जॉर्ज वाइन यांनी जाझ महोत्सव सुरू केला. जाझ हे कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. ते या हवेल्यांच्या शहरात वाजावे हे तिथल्या जुन्या खानदानी मंडळींना फारसे रुचले नव्हते. पण महोत्सव वाढला, गर्दी वाढली, हॉटेले भरू लागली. धंदा होतो म्हटल्यावर नाके मुरडणारेही गप्प बसले.

२ जुलै १९६० चा शनिवार. मैदान भरले होते आणि तिकिटे संपली होती. हजारो तरुण बाहेर राहिले. यातले बहुसंख्य सुट्टीवर आलेले गोरे महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि अनेक जण दारूच्या नशेत होते. त्यांनी आत घुसण्याचा प्रयत्न केला. बिअरचे डबे आणि बाटल्या पोलिसांवर फेकल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, अग्निशामक दलाच्या पाण्याचे फवारे मारले. शेवटी नॅशनल गार्ड बोलवावे लागले. दीडशेहून अधिक जणांना अटक झाली. हे सगळे चालले होते मैदानाच्या बाहेर. आत बसलेले तिकीटधारक श्रोते शांतपणे संगीत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी नगर परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी महोत्सवाचा परवाना काढून घेतला. रविवार दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला. त्याच दुपारी मडी वॉटर्स गायले आणि त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका पुढे जगभर गाजली. त्या दुपारी सूत्रसंचालन करत होते कृष्णवर्णीयांचे थोर कवी लँगस्टन ह्यूज. महोत्सव संपणार हे कळल्यावर त्यांनी तारेच्या कोऱ्या कागदावर जागच्या जागी न्यूपोर्टला निरोप देणारे एक ब्लूज गीत लिहिले आणि मडी वॉटर्स यांच्या साथीतले पियानोवादक ओटिस स्पॅन यांनी ते तिथेच गाऊन दाखवले. रविवार रात्र आणि सोमवार, दोन्हींचे कार्यक्रम बुडाले.

आता आमचे तीन प्रश्न इथे लावून पाहा. निर्णय घेतला सात नगरसेवकांनी. चूक होती बाहेरच्या दारुड्या, सुखवस्तू घरच्या पोरांची. आणि भोगले कुणी? ज्यांच्या हातात रविवार रात्रीचे तिकीट होते त्या श्रोत्यांनी, आणि ज्यांचे वादन ठरले होते त्या कलाकारांनी. वर शिक्का बसला तो जाझवर. दंगल करणाऱ्यांना जाझशी देणेघेणे नव्हते, त्यांना सुट्टीतला धिंगाणा हवा होता. पण वर्तमानपत्रांनी 'जाझची दंगल' म्हटले आणि ते नाव चिकटले. दारूवर शिक्का बसला नाही, महाविद्यालयांवर बसला नाही, त्या तरुणांच्या जातकुळीवर तर मुळीच बसला नाही. विचार करा, बाहेरचा तो जमाव कृष्णवर्णीय असता तर त्याला 'उन्हाळी सुट्टीतला उच्छाद' म्हटले गेले असते का?

बंडखोरांचा महोत्सव

या कथेचा दुसरा भाग आमच्या तरुणांना विशेष माहीत असायला हवा. त्याच आठवड्यात, त्याच गावात, क्लिफ वॉक मॅनर नावाच्या हॉटेलच्या हिरवळीवर दुसरा एक महोत्सव चालू होता. तो भरवला होता चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या दोन कृष्णवर्णीय कलाकारांनी. त्यांचे म्हणणे सरळ होते. मोठ्या महोत्सवाचा बाजार झाला आहे, नफ्यासाठी लोकप्रिय नावांना मोठे मानधन दिले जाते आणि ज्यांनी हे संगीत घडवले त्यांच्या हातावर तुटपुंजे पैसे टेकवले जातात. म्हणून त्यांनी स्वतःचे व्यासपीठ उभारले. कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जो जोन्स यांच्यासारखे ज्येष्ठ आणि ऑर्नेट कोलमनसारखा नव्या वाटेचा वादक तिथे एकत्र आले. श्रोते फार नव्हते, पण कार्यक्रम शांततेत पार पडला.

मोठा महोत्सव बंद पडला आणि कलाकारांनी स्वतः चालवलेला छोटा महोत्सव टिकला. त्यातून 'जाझ आर्टिस्ट्स गिल्ड' ही कलाकारांची संघटना जन्माला आली. ती फार काळ चालली नाही, पण तिची ठिणगी विझली नाही. दोनच महिन्यांत मॅक्स रोच यांनी ॲबी लिंकन या गायिकेसह 'वी इन्सिस्ट!' ही ध्वनिमुद्रिका ध्वनिमुद्रित केली. तिच्या वेष्टनावर उपाहारगृहाच्या काउंटरवर बसलेले तीन कृष्णवर्णीय तरुण आहेत. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर बसून जो सत्याग्रह केला, त्याचे ते चित्र. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

न्यूपोर्टचा महोत्सव काही काळाने परत आला, पण ३ जुलै १९७१ रोजी तेच घडले. 'संगीत फुकट असले पाहिजे' म्हणत तिकीट न काढलेल्या तरुणांनी कुंपण तोडले आणि डायॉन वॉरविक गात असताना ते मंचावर घुसले. पुन्हा महोत्सव बंद. १९७२ साली तो न्यूयॉर्कला हलवावा लागला आणि न्यूपोर्टला परतायला १९८१ उजाडले. 'फुकट हवे' ही घोषणा ऐकायला क्रांतिकारक वाटते. पण ज्याने तिकीट काढले आणि ज्याने वादनाचे पैसे मिळतील म्हणून वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावले, त्याच्या ताटातले ती काढून घेते. क्रांतीचा आव आणणारा प्रत्येक जण शोषितांच्या बाजूचा असतोच असे नाही.

एकच उन्हाळा, दोन गर्द्या

१९६९ चा उन्हाळा. वुडस्टॉकचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तो महोत्सवही सुरुवातीला रद्द होण्याच्या काठावर होता. आयोजकांनी आधी वॉलकिल नावाच्या गावी जागा घेतली होती. गावाने जुलैमध्ये घाईघाईने पाच हजारांहून अधिक लोकांच्या जमावासाठी परवान्याचा नियम केला आणि १५ जुलैला परवानगी नाकारली. अधिकृत कारण काय दिले, तर तात्पुरती शौचालये गावाच्या नियमांत बसत नाहीत! महिनाभर आधी सगळा पसारा उचलून बेथेल येथे एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात न्यावा लागला. कुंपण आणि तिकीटखिडक्या उभारायला वेळच उरला नाही आणि महोत्सव जवळपास फुकटात झाला. चार लाखांच्या आसपास लोक आले. रस्ते तुंबले, अन्न संपले, पावसाने चिखल झाला. राज्यपालांनी दहा हजार नॅशनल गार्ड पाठवण्याचा विचार बोलून दाखवला, पण आयोजकांनी समजूत घातल्यावर तो सोडून दिला. आज त्या गर्दीला 'शांततेचे आणि प्रेमाचे तीन दिवस' म्हणून पूजले जाते.

त्याच उन्हाळ्यात, तिथून काही तासांच्या अंतरावर, हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कमध्ये २९ जून ते २४ ऑगस्ट या काळात सहा रविवार 'हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल' झाला. प्रवेश मोफत होता. सगळे रविवार मिळून सुमारे तीन लाख लोक आले. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, बी. बी. किंग, महालिया जॅक्सन हे सगळे तिथे गायले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी एका कार्यक्रमाला बंदोबस्त द्यायला नकार दिला तेव्हा तो बंदोबस्त ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी केला. काही बिघडले नाही. हॅल टुल्चिन यांनी हा महोत्सव चित्रित केला होता. चाळीस तासांच्या आसपासचे हे चित्रण घेऊन ते फिरले, पण मोजका भाग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला तेवढाच. बाकीचे पन्नास वर्षे पडून राहिले. २०२१ मध्ये 'समर ऑफ सोल' हा माहितीपट आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले, तेव्हा कुठे जगाला कळले की असे काही झाले होते.

हार्लेमचा महोत्सव रद्द झाला नव्हता. तो पार पडला. पण स्मृतीतून त्याला रद्द केले गेले. महोत्सव रद्द करण्याची ही सर्वांत गुळगुळीत पद्धत आहे. यात परवाना काढून घ्यावा लागत नाही आणि कुणाला कारणही द्यावे लागत नाही. आपला इतिहास कुणी लिहिला नाही म्हणून तो घडलाच नाही असे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पिढ्यांना ही पद्धत ओळखीची आहे.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम झाला. मंचाभोवती राहण्यासाठी 'हेल्स एंजल्स' या मोटारसायकलवाल्या गोऱ्या टोळीला आणले होते. त्यातल्या एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून मारले. हंटरच्या हातात पिस्तूल होते या मुद्द्यावर आरोपी स्वसंरक्षण म्हणून निर्दोष सुटला. हार्लेममध्ये पँथर आणि आल्टामाँटला हेल्स एंजल्स. 'धोकादायक' कोण हे आधीच ठरवून बसलेल्या व्यवस्थेला या दोन घटना शेजारी ठेवून वाचायला कुणीतरी लावले पाहिजे.

गर्दीला घाबरलेले कायदे

आल्टामाँटनंतर सगळीकडे भीती पसरली. जुलै १९७० च्या अखेरीस कनेटिकट राज्यातील मिडलफिल्ड येथे 'पावडर रिज' या बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या मैदानावर मोठा रॉक महोत्सव ठरला होता. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले आणि काही दिवस आधी मनाई हुकूम मिळाला. कलाकारांना अटकेचा धाक दाखवण्यात आला. पण हुकूम निघेपर्यंत लोक घरून निघाले होते. जवळपास तीस हजार तरुण तिथे पोहोचले. तिथे संगीत नव्हते, अन्न नव्हते, पाण्याची सोय नव्हती आणि पुरेशी शौचालयेही नव्हती. अमली पदार्थ विकणारे मात्र हजर होते आणि डॉक्टरांचे हाल झाले. ठरलेल्या कलाकारांपैकी फक्त मेलनी ही गायिका आली आणि आइसक्रीमच्या गाडीवरून वीज घेऊन गायली.

हे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण 'सुरक्षेसाठी रद्द' या युक्तिवादाची पोकळी ते उघडी पाडते. महोत्सव रद्द केला तरी लोक रद्द होत नाहीत. ते रस्त्यात असतात. त्यांच्या पाणी, शौचालय, वैद्यकीय मदतीची आणि परतीच्या वाहनाची जबाबदारी रद्द करणाऱ्यावरच असायला हवी. कागदावर बंदी घालून हात झटकणे ही सुरक्षा नव्हे. त्याने फक्त कागद सुरक्षित होतो.

इंग्लंडमध्येही असेच झाले. ऑगस्ट १९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवाला बेटाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट लोक आले. १९७१ साली संसदेने त्या बेटापुरता कायदा करून पाच हजारांहून मोठ्या रात्रभराच्या जमावाला परवाना सक्तीचा केला. पुढचा महोत्सव व्हायला २००२ उजाडले. एक पिढी गेली. १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे हजारो तरुणांनी विनापरवाना आठवडाभर नाच-गाणे केले, त्याचा परिणाम म्हणजे १९९४ चा फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा. त्यात कुठल्या प्रकारच्या संगीताच्या जमावावर कारवाई करायची हे सांगताना चक्क एकसारख्या पुनरावृत्तीच्या ठेक्याची व्याख्या केली आहे. कायद्याने ठेक्यालाच आरोपी केले!

आणि मग आला 'फॉर्म ६९६'. २००५ पासून लंडनच्या पोलिसांनी रात्रीच्या संगीत कार्यक्रमांच्या आयोजकांकडून हा अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. कलाकारांची नावे, पत्ते, फोन नंबर तर हवेतच. शिवाय सुरुवातीच्या अर्जात संगीताचा प्रकार कोणता आणि श्रोते कोणत्या वंशाचे असतील हेही विचारले होते. उदाहरणादाखल दिलेले संगीतप्रकार बघा : बॅशमेंट, आर अँड बी, गॅरेज. म्हणजे कृष्णवर्णीय तरुणांचे संगीत. टीका झाल्यावर हे प्रश्न काढले, अर्ज राहिला. २०१० मध्ये गिग्स या रॅपरचा दौरा पोलिसांच्या सल्ल्यावरून रद्द झाला. २०१४ मध्ये लंडनच्या नामांकित बार्बिकन केंद्रातला 'जस्ट जॅम' हा कार्यक्रम ऐनवेळी पोलिसांच्या सल्ल्यामुळेच रद्द झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये, महापौर सादिक खान यांनी फेरविचार करायला लावल्यावर, हा अर्ज बंद करण्यात आला. बारा वर्षे! या बारा वर्षांत किती कार्यक्रम परवानगीच्या भीतीने ठरलेच नाहीत, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. न झालेल्या गाण्याची पावती नसते.

'पण सुरक्षेचे काय?'

इथे कुणी म्हणेल, मग काय वाटेल ती गर्दी होऊ द्यायची? माणसे मेली तर?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे आम्हाला मान्य नाही. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनमध्ये ट्रॅव्हिस स्कॉट याच्या 'ॲस्ट्रोवर्ल्ड' महोत्सवात सुमारे पन्नास हजारांची गर्दी होती. मंचाकडे लोट इतका दाटला की दहा जणांचा जीव गेला. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. अधिकाऱ्यांनी मोठी दुर्घटना घडल्याचे जाहीर केल्यानंतरही अर्ध्या तासाहून अधिक वेळ गाणे चालूच राहिले. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द केला, पण तो आधल्या रात्रीच थांबवायला हवा होता. २०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने कुणावरही फौजदारी आरोप ठेवण्यास नकार दिला. म्हणजे जिथे रद्द करणे कर्तव्य होते तिथे हात कचरले, कारण थांबवले तर कोट्यवधींचा कार्यक्रम बुडणार होता.

याच्या समोर २० ऑगस्ट १९७२ चे लॉस एंजेलिस ठेवा. १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसी अत्याचाराविरुद्ध उठाव झाला होता. त्याच्या सातव्या स्मृतीनिमित्त स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीने 'वॉटस्टॅक्स' हा महोत्सव भरवला. तिकीट फक्त एक डॉलर, म्हणजे वस्तीतल्या कुटुंबाला परवडेल असे. एक लाखाहून अधिक लोक आले. प्रेक्षकांमधला बंदोबस्त बिनहत्यारी कृष्णवर्णीय स्वयंसेवकांकडे होता. मोठा अनुचित प्रकार घडला नाही. ज्या वस्तीला 'दंगेखोर' म्हणून हिणवले त्याच वस्तीने हे करून दाखवले. योगायोग असा की त्याच १९७२ साली मुंबईत, ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली.

तेव्हा सुरक्षा ही गर्दीच्या वंशावर किंवा संगीताच्या प्रकारावर अवलंबून नसते. ती दरवाजे किती, पाणी कुठे, मंचासमोर किती माणसे, थांबवण्याचा अधिकार कुणाला आणि बंदोबस्ताला लोकांविषयी आदर आहे की संशय, यावर अवलंबून असते. हे सगळे मोजता येते, आधी ठरवता येते. पण मोजायला कष्ट पडतात आणि शिक्का मारायला पडत नाहीत.

पैशाने रद्द केलेले महोत्सव

अलीकडे मात्र रद्द करणारा हात बहुतेक वेळा पैशाचा असतो. २०१७ चा 'फायर फेस्टिव्हल' हे त्याचे ठळक उदाहरण. बहामास देशातील ग्रेट एक्झुमा बेटावर ऐषआरामी महोत्सव होणार, अशी जाहिरात प्रसिद्ध मॉडेलना घेऊन समाजमाध्यमांवर केली गेली. हजारो डॉलरची तिकिटे खपली. एप्रिलच्या शेवटी लोक बेटावर पोहोचले तेव्हा तिथे आपत्तीग्रस्तांसाठी वापरतात तसले तंबू होते, पावसाने भिजलेल्या गाद्या होत्या आणि डब्यात पावाबरोबर चीजचे काप. जाहिरात केलेल्या कलाकारांचे संगीत नव्हतेच. सूत्रधार बिली मॅकफार्लंड याला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

जगाने त्या तिकीटधारकांची टिंगल केली, कारण ते श्रीमंत घरचे होते. पण ज्या स्थानिक मजुरांनी दिवसरात्र राबून तंबू उभारले आणि स्वयंपाक केला, त्यांची मजुरी बुडाली. त्यांची आठवण लोकांना दोन वर्षांनी, माहितीपट आल्यावर झाली. तिकीटधारकाला खटला भरता आला. बेटावरच्या कष्टकऱ्याच्या वाट्याला वर्गणी आली. श्रमाला हक्क न मिळता दया मिळते, तेव्हा समजावे की व्यवस्था जागच्या जागी आहे.

२०१९ मध्ये वुडस्टॉकच्या पन्नासाव्या वर्षाचा महोत्सव एप्रिलमध्येच गुंतवणूकदाराने रद्द केल्याचे जाहीर केले. आयोजक नाही म्हणाले, न्यायालयात गेले, जागा बदलत राहिले आणि ३१ जुलैला शेवटी हार मानली. तिकीटविक्री सुरूच झाली नव्हती, म्हणून श्रोत्यांचे पैसे वाचले. सगळीकडे असे होत नाही. कलाकारांची आगाऊ रक्कम, मंच, ध्वनी यांचा खर्च महोत्सवाच्या कितीतरी आधी करावा लागतो आणि अनेक आयोजक तो श्रोत्यांच्या तिकिटाच्या पैशातून भागवतात. म्हणजे आपण तिकीट काढतो तेव्हा नकळत आयोजकाला बिनव्याजी कर्ज देत असतो. महोत्सव बुडाला की हे कर्जही बुडण्याची भीती असते. बँकेचे कर्ज आधी फिटते, आपले सर्वांत शेवटी.

करोनाने हे सारे उघडे केले. मार्च २०२० मध्ये ऑस्टिनचा 'साउथ बाय साउथवेस्ट' शहराच्या आदेशाने रद्द झाला. विम्यात साथरोगाचा समावेश नव्हता. आयोजकांनी सुमारे एक तृतीयांश कर्मचारी कमी केले आणि तिकीटधारकांना पैसे परत करण्याऐवजी पुढच्या वर्षांची प्रवेशिका देऊ केली. ग्लास्टनबरीचा पन्नासावा महोत्सव २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये रद्द झाला. ब्रिटिश सरकारने महोत्सवांसाठी ७५ कोटी पौंडांहून मोठी विमा योजना जाहीर केली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, हंगाम जवळपास संपल्यावर. आपल्याकडे १४ एप्रिल २०२० आणि २०२१ आठवा. लोकांनी जबाबदारीने घरात जयंती साजरी केली. पण एप्रिल महिना हाच ज्यांच्या कमाईचा हंगाम, ते भीमगीत गायक, शाहीर, ढोलकीवाले, बेंजो पथकातली पोरे, मंडपवाले, पुस्तकांचे ठेले लावणारे, यांच्या नावाने कुठली विमा योजना होती?

श्रोत्याचे काय जाते?

तिकिटाचे पैसे परत मिळाले म्हणजे हिशेब मिटला असे आयोजक समजतात. ते चूक आहे. रेल्वेचे किंवा विमानाचे भाडे, खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी किंवा रजा, हे कुणी परत करत नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला ही गैरसोय असते. ज्याने सहा महिने थोडे थोडे साठवून वर्षातला एकच कार्यक्रम निवडला, त्याचे वर्ष जाते.

याहून मोठे नुकसान पैशात मोजता येत नाही. संगीत महोत्सव ही दबलेल्या माणसासाठी निव्वळ करमणूक नसते. आपल्यासारखी हजारो माणसे एका जागी, मान वर करून, कुणाची परवानगी न मागता गात आहेत, हे दृश्य माणसाला आतून बदलते. हार्लेमला आलेल्या मुलांनी पन्नास वर्षांनी ते चित्रण पाहिले तेव्हा आपण पाहिलेले खरे होते याची खात्री पटून त्यांचे डोळे भरून आले. ही खात्री हिरावून घेणे हेच रद्द करण्याचे खरे मोल आहे. शिवाय 'तुमच्यामुळे रद्द झाला' हा ठपका श्रोत्यांवरच राहतो आणि पुढच्या परवानगीच्या वेळी तोच पुरावा म्हणून पुढे केला जातो. एकदा लागलेला शिक्का पुढच्या पिढीला भरावा लागतो.

मग आपण काय करायचे?

मित्रांनो, या इतिहासातून आम्ही काही साध्या गोष्टी घेतो. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागावे. तोंडी 'वरून आदेश आहेत' हे कारण नव्हे. बंदोबस्ताची आखणी आपणच आधी करावी : वाटा, पाणी, स्त्रियांसाठी सोय, प्रथमोपचार, स्वयंसेवकांची नावे, थांबवायचा अधिकार कुणाचा. वॉटस्टॅक्सने हे केले म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आले नाही. वर्गणी आणि तिकिटाचा हिशेब उघडा ठेवावा आणि कार्यक्रम बुडाला तर सर्वांत आधी कष्टकऱ्यांची आणि साथीदारांची मजुरी द्यावी, कारण फायर फेस्टिव्हलची चूक आपल्या हातून झाली तर आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. आपल्या मांडवातला दारूचा एक बाटलीवाला शत्रूच्या दहा अर्जांपेक्षा जास्त नुकसान करतो, हे न्यूपोर्टने शिकवले आहे.

आणि प्रत्येक कार्यक्रमाचे चित्रण, ध्वनिमुद्रण, हँडबिल, कलाकारांची नावे जपून ठेवावीत, एका ठिकाणी नव्हे तर चार ठिकाणी. हार्लेमच्या फिती एका तळघरात पन्नास वर्षे टिकल्या हे नशीब. आपल्या कितीतरी जलशांच्या वाट्याला तेवढेही नशीब आले नाही.

यापुढे कुठल्याही देशात, कुठलाही महोत्सव 'रद्द झाला' अशी बातमी वाचाल तेव्हा क्षमस्वच्या ओळीवर थांबू नका. निर्णय कुणी घेतला, चूक कुणाची होती, किंमत कुणी मोजली, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. १९६० साली न्यूपोर्टमध्ये ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांनी पुढे आपले स्वतःचे व्यासपीठ उभारले होते.